एक्क्याऐंशी जणींचे रिंगण

जबलपूरकरांच्या घरी पाहुणा आला की त्याला भेडाघाटला न्यायचे, हा शिरस्ता आहे. क्रमही ठरलेला असतो. आधी धुवांधार धबधब्यापाशी उभे राहून अंगावर तुषार घ्यायचे, मग पंचवटी घाटावरून नावेत बसून संगमरवरी कड्यांमधून बंदरकुदनीपर्यंत जाऊन यायचे, नावाड्याची यमके जुळवलेली बडबड ऐकायची आणि परतताना दगडाचे छोटे शिवलिंग नाहीतर हत्ती विकत घ्यायचा. या सगळ्याच्या मधोमध एक टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर जायला शंभरावर पायऱ्या आहेत. उन्हात त्या पायऱ्यांकडे बघून बरेच पाहुणे खालूनच हात जोडतात. नर्मदेकाठची सगळ्यात विलक्षण इमारत त्यांच्याकडून अशी राहून जाते.

जे चढून जातात त्यांनाही ती पटकन दिसत नाही. वर गेल्यावर समोर येते ती उंच, बिनखिडकीची दगडी भिंत. तिच्यात देवळाची ऐट कुठेच नाही, शिखर नाही, बाहेरच्या अंगाला नजर खिळावी असे कोरीवकामही नाही. गुरांचा वाडा असावा तशी ती दिसते. लहानशा वाटेने आत शिरले की एकदम मोकळे, गोल अंगण लागते. भिंतीच्या आतल्या अंगाने सलग ओवरी फिरलेली, ओवरीत खांबामागून खांब आणि प्रत्येक दोन खांबांच्या मध्ये भिंतीला पाठ लावून बसलेली एकेक स्त्री. अंगणात एका बाजूला सरकलेले गौरीशंकराचे देऊळ. लोक तडक त्या देवळाकडे जातात, घंटा वाजवतात, दर्शन घेतात, आणि बाहेर आल्यावर ओवरीतून एक प्रदक्षिणा मारतात. बरोबरचा वाटाड्या सांगतो की हे गौरीशंकराचे मंदिर आणि त्याच्याभोवती या चौसष्ट योगिनी.

या एका वाक्यात दोन चुका आहेत. पहिली मोजणीची. खांब मोजले तर ८४ भरतात, म्हणजे खांबांमधली घरेही ८४. त्यांपैकी तीन ये-जा करण्यासाठी मोकळी सोडलेली. उरतात ८१. भेडाघाटच्या योगिनी चौसष्ट नव्हेत, एक्क्याऐंशी आहेत. ‘चौसष्ट योगिनी’ हा आपल्याकडचा ठरीव शब्दप्रयोग आहे. चौसष्ट कला म्हणतो तशाच चौसष्ट योगिनी. देवीच्या गोंधळातही त्या येतात, आणि म्हणून फलकावर चौसष्ट लिहिले तरी कोणाला खटकत नाही. एक्क्याऐंशी म्हणजे नऊ गुणिले नऊ. ब्राह्मी, माहेश्वरी, वैष्णवी, वाराही अशा मातृकांच्या आठाच्या गटाला आठाने गुणले की चौसष्ट होतात आणि नवाच्या गटाला नवाने गुणले की एक्क्याऐंशी. योगिनींच्या देवळांवर १९८६ साली पहिला सविस्तर ग्रंथ लिहिणाऱ्या विद्या दहेजिया यांनी या एक्क्याऐंशीच्या चक्राचा संबंध राजाश्रयाशी जोडला आहे. देऊळ राजाच्या पैशाने झाले असेल तर राजासाठीचे चक्र, असा त्यांचा अर्थ.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे. देवळाभोवती योगिनी बसवलेल्या नाहीत. योगिनींच्या अंगणात हे देऊळ नंतर येऊन बसले आहे. आधी रिंगण, मग देऊळ. आज ज्याला आपण कुंपण समजतो तेच मूळचे मंदिर, आणि ज्याच्यासाठी पायऱ्या चढतो तो तुलनेने नवा भाडेकरू. अर्थात हा भाडेकरूही आठ-साडेआठशे वर्षांचा आहे.

जुन्या देवस्थानांचे असे होणे नवे नाही. वेल्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखात, शेकडो गावांची नावे ‘लान’ या अक्षरांनी सुरू होतात. आज त्या शब्दाचा अर्थ चर्च असा घेतला जातो. मूळ अर्थ होता कुंपण घातलेली जागा. तिथल्या कित्येक जुन्या चर्चची आवारे गोल किंवा लंबगोल आहेत आणि त्या आवाराची रेघ आतल्या इमारतीहून जुनी असावी, असे तिथले अभ्यासक मानतात. जागा आधी पवित्र होते, तिच्याभोवती रिंगण आखले जाते, आणि मग शतकाशतकाला आतली वास्तू बदलत राहते. तिथे असे चर्च बघायला गेलेला माणूस भिंतीतले सांधे शोधतो: ही खिडकी कोणत्या शतकातली, तो मनोरा केव्हाचा. आपण देवळात गेलो की मूर्ती बघतो आणि कथा ऐकतो, सांधे बघत नाही. भेडाघाटला ते बघावेत.

सर्वात ठळक सांधा म्हणजे गौरीशंकराच्या देवळाची जागा. ते वर्तुळाच्या केंद्रावर नाही. एवढे काटेकोर वर्तुळ आखणारा स्थपती मुख्य देऊळ मध्यबिंदूवरून ढळू देईल, हे संभवत नाही. भारतीय पुरातत्त्व खात्याचा आद्य संचालक अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात इथे आला तेव्हा त्याच्या नजरेतून हे सुटले नाही. शिवाय देवळाच्या भिंतींत निरनिराळ्या मापांचे, जुन्या कोरीव तुकड्यांसह मिळेल ते दगड लावलेले त्याला दिसले. म्हणजे आपण ज्याला बाराव्या शतकातले देऊळ म्हणतो तेही नंतर पडले, उभारले, डागडुजी होऊन आजच्या रूपाला आले. आतली मूर्ती मात्र अप्रतिम आहे. शिव आणि पार्वती दोघेही नंदीवर बसून निघाले आहेत. लग्नाची वरात म्हणा, फिरायला निघालेले जोडपे म्हणा. शिवलिंगाची सवय असलेल्या डोळ्यांना हे दृश्य सुखावते.

आता खऱ्या मंदिराकडे, म्हणजे वर्तुळाकडे येऊ. कनिंगहॅमच्या मोजणीप्रमाणे आतला व्यास ११६ फुटांच्या थोडा वर आणि बाहेरचा सुमारे १३१ फूट. म्हणजे भिंत धरून ओवरीची जाडी सव्वासात फुटांच्या आसपास. खांब चौकोनी आणि साधे, वर आडवे दगड, त्यांच्यावर छताच्या फरश्या. मध्ये आकाश. गवंड्याच्या दृष्टीने पाहिले तर इथे एक गंमत आहे. दगडाचा एकही आडवा तुकडा गोलाईत घडवायची गरज नाही. सरळ तुकडे एकाला एक जोडले की ८४ बाजूंची बहुभुज आकृती होते, आणि ती डोळ्याला वर्तुळ वाटते. हिशेब करून बघा. आतला परीघ ३६५ फुटांच्या आसपास. त्याला ८४ ने भागले की प्रत्येक घराची रुंदी चार फूट चार इंच येते. खऱ्या वर्तुळाची कमान आणि हा सरळ दगड यांच्यातला फरक जिथे सर्वात जास्त आहे, तिथेही तो जेमतेम अर्धा इंच भरतो. खांबाच्या जाडीत तो कुठल्या कुठे लपून जातो. मध्ये खुंटी ठोकून दोरी फिरवायची, परिघावर चौऱ्याऐंशी खुणा करायच्या, आणि पुढचे काम सरळ दगडाचे. एवढी मोठी वास्तू इतक्या साध्या युक्तीने उभी आहे. आकाराचा सगळा खर्च आखणीत झाला, घडणावळीत नाही. घडणावळ राखून ठेवली ती मूर्तींसाठी.

मूर्ती वालुकाश्माच्या आहेत. पायथ्याशी संगमरवराचे कडे उभे असताना शिल्पकाराने तो दगड घेतला नाही, ही नोंदण्यासारखी गोष्ट. बहुतेक योगिनी एक पाय दुमडून आणि दुसरा खाली सोडून, ललितासनात बसल्या आहेत. पुरुषभर उंचीच्या नसल्या तरी भरदार आहेत. गळ्यात हार, कमरेला मेखला, डोक्यामागे प्रभावळ, वर उडणारे विद्याधर, पायाशी वाहन आणि सेवक. आणि बैठकीच्या पट्टीवर बहुतेकींची नावे कोरलेली. नाव कोरलेले असणे हे भाग्यच म्हणायचे, कारण योगिनींच्या बहुतेक देवळांत नावे नाहीत. योगिनींच्या याद्या पोथ्यांमध्ये पुष्कळ आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. इथे निदान या देवळापुरती यादी दगडातच मिळते. कनिंगहॅमने ती पहिल्यांदा छापली.

ती यादी वाचणे हा एक वेगळा आनंद आहे. आपल्या ओळखीच्या मातृका तीत आहेत: ब्राह्मणी, माहेश्वरी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी. जाह्नवी आणि यमुना या नद्या आहेत. गांधारी आहे, मंदोदरी आहे. डाकिनी आणि शाकिनी आहेत, त्यांची आपल्या बोलीत भुताखेतांच्या रांगेत बदली झाली. इंद्रजाली आहे, बीभत्सा आहे, आणि लंपटा नावाचीही एक आहे. हे नाव देवीला द्यायला आज कोणी धजणार नाही. सर्वतोमुखीला तोंडे एकाहून अधिक, आणि तिच्या बैठकीवर एकमेकांत गुंफलेले दोन त्रिकोण. कामदेच्या बैठकीवर योनिपूजेचे दृश्य आहे. ऐंगिणी हत्तीच्या तोंडाची, तिला लोक सरळ गणेशाची शक्ती समजून नमस्कार करतात. अनेक हातांनी महिषाला मारणारी देवी इथे तेरंबा म्हणून बसली आहे. गावोगावच्या लहानमोठ्या देवींना, नद्यांना, यक्षिणींना, पुराणातल्या स्त्रियांना बोलावून एका पंगतीत बसवावे, तसे हे आहे. पंगतीत पहिले पान कोणाचे, हा प्रश्न वर्तुळात उद्भवत नाही.

हे देऊळ गोल का आणि उघडे का, हा प्रश्न प्रत्येक पाहणाऱ्याला पडतो. आपल्या नेहमीच्या देवळाला दिशा असते. दार, मंडप, अंतराळ, गाभारा अशी एक सरळ वाट आतल्या अंधाराकडे जाते. योगिनींच्या देवळाला गाभारा नाही. योगिनींची उपासना चक्रात चालते. साधकाने चक्राच्या मध्ये बसायचे, देवता भोवती. त्या आकाशातून येतात आणि आकाशात जातात, अशी श्रद्धा, म्हणून वर छप्पर घालायचे नाही. ओडिशातले हिरापूर आणि राणीपूर-झरियाल, मुरैना जिल्ह्यातले मितावली ही अशीच गोल, उघडी देवळे. खजुराहोचे मात्र आयताकृती आहे. मितावलीच्या देवळावरून दिल्लीच्या जुन्या संसद भवनाचा आकार सुचला, असे हल्ली हौसेने सांगितले जाते. तसा पुरावा कोणी दाखवलेला नाही, पण सांगणाऱ्याला अडवावेसेही वाटत नाही.

या उपासनेचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो, तोही आडवाटेने नाही. ‘कौलज्ञाननिर्णय’ हा ग्रंथ प्रबोधचंद्र बागची यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. योगिनी-कौल मार्गाचा हा महत्त्वाचा ग्रंथ परंपरेने मत्स्येंद्रनाथांच्या नावावर आहे. हेच मत्स्येंद्र गोरक्षांचे गुरू, गोरक्षांचे शिष्य गहिनी, गहिनींचे निवृत्तिनाथ आणि निवृत्तिनाथांचे ज्ञानेश्वर. नवनाथांच्या पोथीत मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात अडकतात आणि गोरक्ष त्यांना सोडवून आणतो, ही कथा आपल्या घराघरांत वाचली जाते. योगिनींच्या वर्तुळात उभे राहून ती आठवली की तिच्यामागे उपासनेच्या एका मार्गाकडून दुसऱ्या मार्गाकडे झालेला प्रवास असावा, असे वाटून जाते. हे माझे अनुमान, पुराव्याच्या खात्यात धरू नये.

गोल आकाराचे वेड या भागातल्या शैव आचार्यांना आणखीही ठिकाणी होते. सिधी जिल्ह्यातल्या चंद्रेहे येथे शिवमंदिराचा गाभाराच गोल आहे आणि शेजारी प्रबोधशिव या आचार्याने बांधलेला मठ आहे. त्याच्या शिलालेखाचे साल ९७३. आणि पार तिकडे आंध्रातल्या मलकापुरम इथे काकतीय राणी रुद्रमादेवीच्या काळातला, १२६१ चा लेख आहे. त्यात सांगितले आहे की भागीरथी आणि नर्मदा यांच्यामधल्या डाहल देशात कलचुरी राजा युवराजाने सद्भावशंभू या शैव आचार्याला तीन लाख गावे दिली आणि त्याने ‘गोळकी मठ’ स्थापला. तीन लाख हा आकडा भक्तिभावाचा मानू. पण मठाचे नाव लक्षात घ्या. वा. वि. मिराशी यांनी हा गोळकी मठ भेडाघाटच्या गोल देवळाशी जोडला. काही विद्वान तो रीवा जिल्ह्यातल्या गुर्गी इथे नेतात. भेडाघाटच्या लोकांनी वादाचा निकाल लागण्याची वाट पाहिली नाही, ते या देवळाला सरळ गोलकी मठ म्हणतात.

मिराशींचे नाव आले की थोडे थांबायला हवे. जन्म १८९३ मधला, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यातल्या कुवळे गावचा. आयुष्य गेले नागपुरात, मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवण्यात. त्या काळी जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे कलचुरींचे लेख त्यांच्या अंगणातलेच. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा संग्रह या विषयातला पाया आहे. आणि याच सुमाराला, १९५२ मध्ये, भेडाघाटच्या वाटेवरच्या तेवर गावी, म्हणजे कलचुरींच्या त्रिपुरी राजधानीत, सागर विद्यापीठातर्फे उत्खनन केले ते मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी. त्रिपुरी हे नाव बहुतेकांना १९३९ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे आणि सुभाषबाबूंमुळे ठाऊक असते. त्या गावाला त्याआधी दोन हजार वर्षांचा इतिहास आहे.

कलचुरी आपल्याला परके नाहीत, हे मिराशींमुळेच जास्त स्पष्ट झाले. त्रिपुरीचे राजे जो संवत वापरत त्याची सुरुवात इसवी सन २४८-४९ मध्ये होते. मिराशींच्या मते तो आभीर राजा ईश्वरसेनाने सुरू केला, आणि ईश्वरसेनाचा शिलालेख आहे नाशिकच्या लेण्यात. म्हणजे नर्मदेकाठची कालगणना गोदेकाठी जन्मली. कलचुरींची आधीची शाखा सहाव्या शतकात माहिष्मतीहून महाराष्ट्रावर राज्य करत होती. त्या शाखेतल्या कृष्णराजाची चांदीची नाणी नाशिक भागात सापडली आहेत. पुढे त्रिपुरीला घराणे स्थिरावल्यावर राष्ट्रकूटांशी सोयरीक झाली. पहिल्या कोकल्लाची मुलगी दुसऱ्या कृष्णाला दिली, आणि पुढे पहिल्या युवराजाची मुलगी कुंदकदेवी तिसऱ्या अमोघवर्षाला. याच युवराजाच्या दरबारात राजशेखर हा कवी होता. कनोजच्या प्रतिहारांकडून तो इथे आला, ‘विद्धशालभंजिका’ ही नाटिका त्रिपुरीच्या दरबारासाठी लिहिली. त्याचे घराणे यायावर, आणि त्याचा पणजोबा अकालजलद याला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. योगिनींचे वर्तुळ पहिल्या युवराजाने बांधले की त्याच्यानंतर पन्नास-पाऊणशे वर्षांनी कोणी, याबद्दल मतभेद आहेत. मूर्तींच्या बैठकीवरची अक्षरे दहाव्या शतकाच्या वळणाची आहेत आणि फार तर अकराव्याच्या सुरुवातीपर्यंत खाली आणता येतात. हे देऊळ राजशेखराने पाहिले असेल काय, हा मोह होतो. मोह आवरावा.

या वर्तुळात पुढे मोठा बदल घडवला तो एका विधवा राणीने. अल्हणदेवी. मेवाडच्या गुहिल राजाची, विजयसिंहाची ही मुलगी. आई श्यामलदेवी माळव्याच्या परमार उदयादित्याची कन्या. नवरा गयाकर्ण, त्रिपुरीचा कलचुरी राजा. नवऱ्याच्या मागे मुलगा नरसिंह गादीवर असताना तिने भेडाघाटला शिवाचे देऊळ बांधले आणि त्याबरोबर एक मठ, एक व्याख्यानशाळा आणि बागा करून दिल्या. त्यांच्या खर्चासाठी गावे लावून दिली आणि कारभार लाट देशाहून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून आलेल्या रुद्रराशी या पाशुपत आचार्याकडे सोपवला. तिच्या लेखावर कलचुरी संवत ९०७ आहे. २४८ मिळवले की ११५५. देवळाबरोबर व्याख्यानशाळा बांधणारी ही बाई आपल्या अभ्यासक्रमातल्या राण्यांच्या यादीत कुठेच नाही, याचे मला वाईट वाटते.

या लेखाचा आणखी एक गुण आहे. राजाराणीची वंशावळ सांगून झाल्यावर तो कामगारांकडे वळतो. प्रशस्ती रचणारा कवी शशिधर, दगडावर अक्षरे कोरणारा महीधर, आणि वास्तू उभारणारा सूत्रधार पीथे. विश्वकर्म्याच्या शास्त्रात निष्णात, अशी पीथेची वाखाणणी केली आहे. वर्तुळाची दोरी फिरवणारा दहाव्या शतकातला स्थपती अनामिक राहिला, पण त्याच्या अंगणात दोनशे वर्षांनी काम करणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे.

मात्र हा लेख भेडाघाटला नाही, जबलपूरच्या संग्रहालयात नाही, भारतातही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फिट्झएडवर्ड हॉल नावाचा अमेरिकन संस्कृत पंडित इकडे सरकारी नोकरीत होता. त्याने लेख वाचला, १८६० च्या सुमारास अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात छापला, आणि शिळाही त्या सोसायटीच्या न्यू हेवन इथल्या संग्रहाला देऊन टाकली. पुढे त्याची काटेकोर आवृत्ती काढली फ्रान्झ कीलहॉर्न याने. हा जर्मन वैयाकरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात वर्षानुवर्षे संस्कृतचा प्राध्यापक होता आणि कलचुरी संवताचे आरंभवर्षही गणिताने पक्के केले ते त्यानेच. दगड अमेरिकेत, वाचन पुण्याशी नाते असलेल्या जर्मनाचे, आणि देऊळ नर्मदेकाठी.

वर्तुळातल्या सगळ्याच मूर्ती एका काळच्या नाहीत. फिरता फिरता जांभळट-लाल दगडाच्या काही स्त्रिया दिसतात. त्या बसलेल्या नाहीत, उभ्या आहेत, नाचत आहेत, आणि त्यांच्या पायाशी नाव नाही. दगड वेगळा, ढब वेगळी, घडण जुनी. कनिंगहॅमनेच त्यांना बाकीच्यांपासून वेगळे काढले. पुरातत्त्वज्ञ राखालदास बॅनर्जी यांनी त्रिपुरीच्या हैहयांच्या, म्हणजे कलचुरींच्या, वास्तूंवरच्या १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भेडाघाटच्या कुशाणकाळातल्या मूर्तींकडेही लक्ष वेधले. याचा अर्थ असा, की कलचुरींनी टेकडी निवडली तेव्हा ती कोरी नव्हती. देवींचे ठाणे तिथे आधीच होते. त्यांनी जुन्या देवींना बाहेर न काढता रिंगणात जागा दिली.

आणि मोडतोड. एक्क्याऐंशीतली एकही मूर्ती धड नाही, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. नाके, हात, वक्षस्थळे घाव घालून फोडलेली आहेत. हे औरंगजेबाच्या सैन्याने केले आणि ते गौरीशंकराच्या मूर्तीकडे वळले तेव्हा भुंग्यांचे मोहोळ उठून त्यांच्यावर तुटून पडले, असे इथे सांगतात. भुंग्यांची किंवा गांधीलमाश्यांची हीच कथा भारतात इतक्या देवळांना चिकटलेली आहे, की तिचा इतिहास म्हणून उपयोग होत नाही. मूर्ती फोडणारा आपले नाव बैठकीवर कोरून जात नाही. घाव मात्र खरे आहेत, आणि ते चेहरा आणि छाती निवडून घातलेले आहेत.

कलचुरी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला मावळले. मग गढ्याचे गोंड राजे आले, त्यानंतर सागरचे मराठे, त्यानंतर नागपूरचे भोसले, आणि डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले. या सगळ्या उलथापालथीत टेकडीवरची पूजा आणि कार्तिकी पौर्णिमेची जत्रा सुरू राहिली. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन जबलपूरलाच अधिकारी होता. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींची सुरुवातच भेडाघाटच्या जत्रेपासून होते. आज ही वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. मार्च २०२५ मध्ये देशभरातल्या चौसष्ट योगिनी मंदिरांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. नर्मदेच्या खोऱ्यातला भेडाघाट-लम्हेटाघाटचा परिसर त्याआधीच, २०२१ मध्ये, त्या यादीत गेला होता.

जाल तेव्हा धुवांधार नंतर ठेवा आणि टेकडी आधी चढा. सूर्य वर येत असताना पूर्वेचा तिरपा उजेड ओवरीच्या पश्चिम भागात शिरतो आणि तिकडच्या योगिनींच्या बैठकीवरची नावे उठून दिसतात. दुपार कलल्यावर पूर्वेकडच्यांची पाळी. भर माध्यान्हीला छताच्या सावलीत काहीच नीट वाचता येत नाही, आणि पायऱ्यांचा दगडही तापलेला असतो.